आतली रांग

"चढ रे प्रविण! पाय आत घे, दार मी लावतो."

वडखळच्या नाक्यावर हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी सातवीत होतो. माझी ताई, सगुणा, लग्न होऊन रोह्याला गेली त्याला महिनाही झाला नव्हता. तिचे मालक दत्तात्रेय, म्हणजे आमचे दाजी, धाटावच्या एका कंपनीचा टँकर चालवायचे. मुंबईकडे जाताना ते नाक्यावर गाडी हळू करत, खाडीकाठच्या आमच्या गावाहून चालत आलेल्या मला वर ओढून घेत आणि पेणला शाळेपाशी उतरवत. त्या उंच केबिनमधून मिठागरं दिसायची, मिठाच्या राशी उन्हात डोळे दिपवायच्या. माझे आईबाप तिथे कुठेतरी पाण्यात उभे असायचे आणि मी मात्र राजासारखा वरून चाललेला. दाजींचा डावा हात गिअरवर असा ठेवलेला असे, जसा कुणी पाळलेल्या बैलाच्या वशिंडावर ठेवतो. बोलणं कमी. घाटाला, पुलाला, समोरून येणाऱ्या एसटीला, सगळ्याला तो हातच उत्तर द्यायचा.

त्या हाताबद्दल मला लिहायचं आहे. आणि माझ्या हाताबद्दलही, ते जास्त अवघड आहे.

अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चात खांबजवळ दाजींना फिट आली. टँकर रिकामा होता. रस्ता सोडून तो मोकळ्या शेतात उतरला आणि बांधाला टेकून उभा राहिला. माणसाला, जनावराला खरचटलंसुद्धा नाही. पण डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या चालू ठेवा आणि आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. कंपनीने दाजींना काढलं नाही, गेटवर बसवलं. टँकर आला की दांडा वर करायचा, गेला की खाली.

"प्रमोशन झालं रे," दाजी मला म्हणाले, "आधी एक टँकर होता, आता सगळे माझ्या हाताखालून जातात."

हसले. ताई हसली नाही.

मी तेव्हा पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला होतो. हंगाम सरला की हात रिकामे, म्हणून एका कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं होतं. तीन महिन्यांचा कोर्स. फाईल उघडायची, अक्षरं टाईप करायची, चित्राला रंग भरायचा. त्यातच मला आभाळ ठेंगणं झालं होतं. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात दाजी तपासणीला पेणला आले, तेव्हा मी त्यांना क्लासात घेऊन गेलो. सरांना विचारून गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला.

मशीन जुनं होतं. रस्ता सरकायचा, थांबायचा, परत सरकायचा.

"मागं बसलेल्याला उलटी होईल रे," दाजी म्हणाले. पण उठले नाहीत. बाणाच्या बटणांवर त्यांची जाड बोटं इतकी हलकी पडत होती की मला सातवीतला मी आठवलो. दहा मिनिटांनी उठले तेव्हा त्यांनी दोन्ही तळवे पँटला पुसले.

"लई दिवसांनी हाताला घाम आला," ते म्हणाले.

जिना उतरताना मीच बोललो, "दाजी, तुमच्या घरी असा कॉम्प्युटर लावून देतो. याच्यापेक्षा फास्ट."

"तुला जमेल?"

"मी शिकलोय ना आता."

दाजींनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, खोलीत उजेड ठेवा, लांब बसा, अर्ध्या तासावर नको, गोळी चुकवू नका. झालं, वाट मोकळी झाली. क्लासचे सर जुनं मशीन काढणारच होते. मॉनिटर, कॅबिनेट, डिस्क, की-बोर्ड स्वस्तात मिळत होतं. फक्त आतला प्रोसेसर आणि मदरबोर्ड नवे घातले की गेम पळेल, असं सरांनी सांगितलं. दाजींनी त्या दोन वस्तूंसाठी आठ हजार माझ्या हातात दिले. "बसेल ना एवढ्यात?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "आरामात."

मग महिनाभर मी क्लासातली मासिकं चाळली. कुठला प्रोसेसर स्वस्त पण गेमला मंद, कुठला गेमला चलाख, हे मी पाठ केलं. सेलेरॉन नावाचा प्रोसेसर मनात पक्का केला. काही प्रोसेसर लांब पट्टीसारखे, ते बोर्डावरच्या खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, उभे बसतात. काही चौकोनी, खाली बारीक पिनांचं रान, ते भोकांच्या चौकटीत, म्हणजे सॉकेटमध्ये, आडवे बसतात. एवढं कळल्यावर सगळं कळलं असं मला वाटलं. कारखान्यात मूर्तीला पॉलिश कागद मारताना मी हे सगळ्यांना ऐकवायचो. आमचा मुख्य कारागीर काळुराम वैतागायचा.

"अरे ए इंजिनेर, सोंड खरखरीत राहिली हाय. ती काय तुझा सेलेरॉन घासणार?"

काळुरामनेच मला जोडकाम शिकवलं होतं. मूर्तीचे हात वेगळ्या साच्यातून निघतात, मग खांद्याला जोडायचे. एखादा हात बसत नसला की नवखा पोरगा घाबरतो. काळुराम म्हणायचा, "घाबरायचं नाय. थोडा घास, थोडा ओला कर, अंगठ्यानं दाब आणि हलकं फिरव. एका मापाचे असले की बसतातच." पाच वर्षं मी तेच केलं होतं. माझ्या अंगठ्याने शेकडो हात खांद्यांना बसवले होते आणि एकही निखळला नव्हता.

ऑक्टोबरात, गणपती होऊन कारखाना शांत झाल्यावर, मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. निघताना सर म्हणाले होते, "दोन्ही वस्तू एकाच दुकानातून घे. तिथेच बसवून, चालू करून बघ. विचारायला लाजू नको."

मी लाजलो.

पहिल्या दुकानात सेलेरॉन ३६६ घेतला, चौकोनी, सॉकेटवाला. त्याच्या जोडीचा बोर्ड दुकानदाराने समोर ठेवला. दोन्ही मिळून साडेनऊ हजारांवर जात होते. मी म्हणालो, बोर्ड नको, आहे माझ्याकडे. दाजींना फोन करता आला असता. पण "आरामात" म्हणालो होतो ना. चार दुकानं सोडून दुसरीकडे गेलो आणि भारी आवाजात म्हटलं, "एक बोर्ड दाखवा. सॉकेटवाला."

"प्रोसेसर कौनसा है?" दुकानदाराने विचारलं.

पिशवीत होता. काढून दाखवायला काय लागत होतं? पण शेजारी दोन कॉलेजची पोरं उभी होती, भराभर इंग्रजी नावं घेणारी. त्यांच्यापुढे मला अडाणी दिसायचं नव्हतं.

"आहे माझ्याकडे. सॉकेटचाच आहे," मी म्हणालो. "फक्त बोर्ड द्या."

त्याने खांदे उडवले आणि स्वस्तातला एक बोर्ड बांधून दिला. परतीच्या एसटीत मी दोन्ही खोके मांडीवर घेऊन बसलो होतो, लेकरू घेऊन बसावं तसा.

दिवाळीच्या आधीचा रविवार. दाजींचं घर रोह्याला लागून वरसे गावात, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत टेबल पुसून ठेवलं होतं, त्यावर ताईने नवा रुमाल अंथरला होता. दाजी साबणाने हात धुऊन, देवाला बसल्यासारखे खुर्चीवर बसले होते. आतून करंज्या तळल्याचा वास येत होता आणि ताई काहीतरी गुणगुणत होती. आमच्या आईकडून तिला ही खोड लागली होती. हाताला काम लागलं की तोंडाला ओवी यायची, जुनी नाहीतर तिथल्या तिथे जुळवलेली.

*बंधूचा माझ्या हात, मातीला लागला,*
*मातीच्या गोळ्यामंदी, गनराय जागला.*

"ऐकलंस?" दाजी म्हणाले. "बायको माझी आणि ओवी तुझ्या हाताला. माझ्या हाताला कधी गायली नाय."

"तुमच्या हाताला कशाला गाऊ?" ताई आतून ओरडली. "सकाळपासून चार करंज्या उचलल्यात त्या हातानं!"

"तीनच गो!"

मी बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला. सॉकेटची बारीक दांडी वर केली. प्रोसेसर त्याच्यावर ठेवला. चौकोनावर चौकोन, बाहेरच्या पिना बाहेरच्या भोकांवर बरोबर आल्या. पण तो खाली जाईना. टेकून राहिला.

"काय झालं?" दाजींनी विचारलं.

"काय नाय. नवीन आहे ना, जरा घट्ट आहे. दाजी, तो स्टॅबिलायझर आणता का आतून?"

ते उठून आत गेले. मी अंगठा ठेवला. थोडं दाबलं. हलकं फिरवलं. एका मापाचे असले की बसतातच. आणखी दाबलं.

कच्.

एवढासा आवाज. वाळक्या काडीवर पाय पडावा तेवढा. मी प्रोसेसर उचलून उलटा केला. बाहेरच्या पिना उभ्या होत्या. सगळ्यात आतली रांग मात्र वाऱ्याने भात आडवं व्हावं तशी झोपली होती, आणि दोन पिना तुटून गेल्या होत्या. मी सॉकेटमध्ये पाहिलं. त्या आतल्या रांगेसाठी तिथे भोकंच नव्हती. कोरं प्लॅस्टिक होतं.

तेव्हाच मला कळलं. पुढचं सगळं मी कळूनसवरून केलं आहे.

रुमालात टोचलेली ताईची सुई घेऊन मी पिना जमतील तशा सरळ केल्या. प्रोसेसर परत ठेवला, पूर्ण जोर लावून दाबला, दांडी खाली ओढली, वर पंख्याची क्लिप अडकवली. आता काहीच दिसत नव्हतं. दाजी स्टॅबिलायझर घेऊन आले तोवर मी कॅबिनेटचं झाकण लावून स्क्रू पिळत होतो.

"झालं पण?" ते म्हणाले.

ताई पदराला हात पुसत बाहेर आली. तिने कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. दाजी माझ्याकडे बघत होते.

"दाबा दाजी," मी म्हणालो. "मुहूर्त तुमच्या हातचा."

मान म्हणून म्हणालो, की माझा अंगठा त्या बटणावर नको म्हणून म्हणालो? इतक्या वर्षांत मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मान म्हणून, असं उत्तर अजून एकदाही छातीवर हात ठेवून देता आलेलं नाही.

दाजींनी बटण दाबलं. पंखा घरघरला. हिरवा दिवा लागला. त्याच क्षणी खोलीतला बल्ब मंद झाला आणि परत उजळला. वरशाला तेव्हा दिवसातून दहादा व्हायचं तसं. मॉनिटर काळाच राहिला. कॅबिनेटमधून करपल्याचा किंचित वास आला. मी बटण बंद केलं.

आत कढई चुरचुरत होती.

"माझ्या हातानं गेलं काय रे?" दाजींनी विचारलं.

नाय म्हणायला किती वेळ लागतो? एका शब्दाचा. तो एक शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. निघालं ते हे:

"स्टॅबिलायझर आधी चालू करायचा असतो ना, दाजी."

"तू सांगितलं नाय."

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

"तरी मी म्हणत होते, जरा थांबा," ताई म्हणाली. ती काहीच म्हणत नव्हती. घरातल्या बाईला असल्या वेळी काहीतरी बोलावं लागतं, म्हणून बोलली.

दाजींनी आपला उजवा हात मांडीवर उपडा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. मी प्रोसेसर आणि बोर्ड काढून पिशवीत टाकले. दुरुस्त होतंय का बघतो, म्हणालो. ताईने करंज्यांचा डबा दिला. तो मी घेतला. एसटीत भूक लागली तेव्हा त्यातली एक खाल्लीसुद्धा.

क्लासात सरांनी दोन्ही वस्तू उलट्यासुलट्या करून पाहिल्या.

"प्रोसेसर तीनशे सत्तर पिनांचा आहे," ते म्हणाले. "हा बोर्ड जुन्या सॉकेटचा, तीनशे एकवीस भोकांचा. बाहेरून जुळे भाऊ, पण ह्याला आत एक रांग जास्त. तुला दिसलं नाही?" मग त्यांनी वाकलेल्या पिनांवरून बोट फिरवलं. "आणि दाबलंस केवढ्यांदा! गणपती आहे का हा?"

मी मान खाली घातली. "सर, कुणाला सांगू नका."

भाऊबीजेला मी रोह्याला गेलो नाही. कारखान्यात काम आहे, असा निरोप धाडला. दिवाळीत कारखान्यात कसलं काम असतं, ते ताईला ठाऊक होतं. पण निरोपावर तिने काही विचारलं नाही. पंधरा दिवसांनी ती स्वतःच पेणला आली. रंगाच्या डब्यांमधून वाट काढत माझ्यापाशी पोचली आणि ओवाळणीचं ताट सोबत नव्हतं म्हणून बोटानेच कुंकू लावलं.

काळुराम म्हणाला, "बस गो सगुणा, चहा सांगतो. तुझ्या इंजिनेराचं तोंड महिनाभर बंद हाय, एवढी शांतता कारखान्यात कधी नव्हती."

ती बसली नाही. मला बाहेर घेऊन गेली.

"प्रविण, हे रेडिओ लावत नाहीत."

"म्हणजे?"

"रेडिओ नाय, पंखा नाय. बटण दिसलं की मला हाक मारतात. गॅस पेटवत नाहीत. म्हणतात, माझ्या हातात काय राहिलं नाय आता, जिथं लागेल तिथं नासतं. मला वाटलं, जाईल दोन दिवसांत." तिने पदर तोंडाला लावला. "आठ दिवस गेटवर पण गेले नाहीत. म्हणतात, दांडा कुणाच्या डोक्यात पडला म्हणजे? साहेबानं निरोप पाठवलाय, सोमवारी आले नाहीत तर दुसरा माणूस ठेवणार."

"मी येतो," मी म्हणालो. "रविवारी नवीन सामान घेऊन येतो. चालू झालं की ते परत ठीक होतील, ताई."

"तूच आहेस रे," ती म्हणाली आणि तिने माझा हात धरला. मला तो काढून घ्यावासा वाटला.

पगार आणि साठवलेलं सगळं घालून मी पुन्हा मुंबईला गेलो. ह्या वेळी पिशवीतून मोडका प्रोसेसर काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणालो, "मला काही कळत नाही. जोडी लावून द्या, चालवून दाखवा." दुकानदाराने दहा मिनिटांत चालवून दाखवलं. हसलासुद्धा नाही. इतकं सोपं होतं.

येताना मनाशी ठरवलं, सांगायची गरज काय? मशीन चाललं की प्रश्न मिटला. दाजी गाडी चालवतील, हाताला घाम येईल, जुनं कोण काढतंय.

रविवारी सकाळी वरशाला पोचलो. प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवला तो आपल्या वजनाने आत गेला, अंगठा लावावाच लागला नाही. स्टॅबिलायझर लावला. दाजी दारापाशी, भिंतीला पाठ लावून उभे होते.

"या दाजी, दाबा."

"तू दाब. मी हितंच बरा."

मी दाबलं. मॉनिटर उजळला. अक्षरं पळाली, गेम लागला. रस्ता लोण्यासारखा धावत होता. वळणं, पूल, कडेची झाडं, सगळं सुरळीत. ताई टाळी वाजवून "अगो बाई!" म्हणाली. मी खुर्चीवरून उठलो.

"बसा ना. तुमच्यासाठीच आहे."

"नको."

"अहो, एकदा तरी!" ताई म्हणाली. "पोरानं किती खटपट केली."

"म्हणूनच नको," दाजी शांतपणे म्हणाले. "त्यानं आता पदरचा खर्च केला. एकदा माझ्यापायी गेलं ते बस्स. मी बघतो ना इथून. तू चालव, प्रविण. चांगली चालवतोस."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले होते आणि भिंतीवर दाबून ठेवले होते, लहान पोराला कुठे हात लावू नको म्हटल्यावर ते ठेवतं तसे. पडद्यावरची गाडी कुणी चालवत नव्हतं म्हणून ती रस्ता सोडून कडेच्या गवतात गेली होती आणि तिथेच गुरगुरत उभी होती. दाजी तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि ते बाहेर निघाले.

मी आडवा उभा राहिलो. ताई पुढ्यात होती. ती नसताना सांगावं असं फार वाटलं. "ताई, जरा चहा ठेव" असे शब्द ओठांवर आलेसुद्धा. पण असंच एकदा दाजींना मी स्टॅबिलायझर आणायला आत पाठवलं होतं.

"काय रे?" दाजी म्हणाले. "रडतोस कशाला? चाललाय ना चांगला."

"दाजी, तुमच्या हातानं काही गेलं नव्हतं," मी म्हणालो. "बोर्ड चुकीचा मी आणला. विचारायची लाज वाटली म्हणून. प्रोसेसर बसत नव्हता तरी मी दाबला, पिना माझ्या अंगठ्यानं मोडल्या. झाकण लावलं ते तुम्हाला दिसू नये म्हणून. तुम्ही बटण दाबलंत ना, त्याच्या आधीच ते मेलेलं होतं, दाजी, आणि मला ठाऊक होतं."